बापाने वाट पाहावी ती युनिक्समधल्या

संगणकाच्या पोटात भरलं घर नांदतं, हे इंजिनिअरिंगच्या पोरांना साधारण तिसऱ्या वर्षी कळतं. तोवर त्यांनी सी भाषेत बेरजा केलेल्या असतात, चांदण्यांचे त्रिकोण छापलेले असतात. मग एका दुपारी, जेवणानंतरच्या तासाला, सर फळ्यावर ‘फोर्क’ असं लिहितात आणि सांगतात, की हे फंक्शन बोलवायचं एकदा, पण ते परत येतं दोनदा. एकदा बापाकडे आणि एकदा पोराकडे. वर्गात शांतता. मागच्या बाकावरचा एकजण वहीत ‘दोनदा’ एवढंच लिहून त्याखाली रेघ मारतो आणि पुन्हा झोपतो.

युनिक्समध्ये, आणि त्याच्याच वळणावर गेलेल्या लिनक्समध्ये, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, एक पेरेंट असतो. एकच. आई की बाप हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आपण बाप म्हणू. इतकी वर्षं वाट पाहण्याचं श्रेय आयांनाच मिळत आलंय, एकदा बापालाही मिळू द्या. या घरात पोर होण्यासाठी मुहूर्त लागत नाही की डोहाळे लागत नाहीत. बापाने ‘फोर्क’ म्हटलं की शेजारी त्याची हुबेहूब नक्कल उभी. तीच मेमरी, त्याच उघड्या फायली, प्रोग्रॅमची चालू ओळसुद्धा तीच. दोघांत फरक एवढाच, की फोर्कचं उत्तर म्हणून बापाच्या हाती पोराचा नंबर येतो आणि पोराच्या हाती शून्य. म्हणजे डोळे उघडल्या उघडल्या भोपळा मिळाला, की ओळखायचं आपण पोर आहोत.

हे पोर बहुतेक वेळा लगेचच ‘एक्झेक’ नावाचा मंत्र म्हणतं आणि बापाकडून मिळालेली मेमरी टाकून देऊन भलताच प्रोग्रॅम होऊन बसतं. बाप शेल, म्हणजे तुमच्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, तर पोर फायलींची यादी दाखवणारं ‘एलएस’. बाप याचं वाईट वाटून घेत नाही. त्याने ते पोर त्याचसाठी काढलेलं असतं. तो ‘वेट’ म्हणतो आणि वाट पाहायला लागतो.

कसली वाट? तर पोर मरण्याची. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नये.) या दुनियेत काम संपवून वेळेवर मरणं हेच पोराचं कर्तव्य. टर्मिनलवर तुम्ही आज्ञा लिहून एंटर दाबता आणि पुढची ओळ उमटायला जो क्षण लागतो, त्या क्षणात एक बाप वाट पाहत उभा असतो. उभा कसला, झोपलेला असतो! आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह टाकलं तर मात्र शेल म्हणतो, तुझं तू बघ, मी चाललो पुढच्या कामाला.

मला खरं कौतुक आहे ते या झोपेचं. ‘वेट’ म्हटल्यावर बाप प्रोसेसरचा एक क्षणही खात नाही. पोर सव्वा सेकंदात आटपो की सव्वा महिन्यात, बापाची झोप तेवढीच शांत. पोराचं काम झालं की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बापाला हलवून उठवतो.

आता आपल्याकडची वाट पाहण्याची पद्धत बघा. मुलगी कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालेली असते. गाडीने पंचगंगेचा पूल ओलांडला नाही तोच फोन. “गाडी सुटली का गं?” “सुटली, बाबा.” पुढचा फोन, “कराड गेलं का?” मग, “सातारा आलं का? खिडकी लावून घे.” शिरवळच्या आसपास मुलगी फोन बंद करते आणि घरात दिवे लागतात. युनिक्समध्ये याचीही सोय आहे. ‘वेटपिड’ला ‘डब्ल्यूनोहँग’ असा पर्याय दिला, की बाप न झोपता नुसतं विचारतो, “झालं का?” नसेल झालं तर लगेच शून्य असं उत्तर मिळतं आणि तो आपल्या कामाला लागू शकतो. पण तो आपल्यासारखा हाडाचा बाप असेल तर कामाला लागत नाही, परत विचारतो. मग परत. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, पंखा घरघरायला लागतो आणि प्रोसेसर एकच असेल तर पोराचं काम आहे त्याहून लांबतं, कारण प्रोसेसरचा निम्मा वेळ बापाच्या चौकशीत जातो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात याला वाईट सवय म्हणतात. आपल्याकडे काळजी म्हणतात.

मुळात ‘वेट’ही आधी नव्हतंच. युनिक्सचा पाया १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन यांनी घातला. फारसं कुणी वापरत नसलेलं पीडीपी-७ जातीचं एक यंत्र त्यांना सापडलं, आणि त्याच सुमारास बायको वर्षभराच्या मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला आजी-आजोबांकडे गेली. ही मोकळीक हातची जाऊ न देता त्यांनी त्या आठवड्यांत सिस्टिमचा सांगाडा उभा केला. म्हणजे ज्या सिस्टिममध्ये पुढे कोट्यवधी बाप पोरांची वाट पाहणार होते, ती लिहायला पोर गावाला जावं लागलं. लहान मूल घरात असताना कुणी ऑपरेटिंग सिस्टिम पुरी करून दाखवावी, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

त्या पहिल्या अवतारात पोरं नव्हतीच. शेल स्वतःच हव्या त्या प्रोग्रॅमला आपल्या जागेवर आणून बसवायचा, म्हणजे स्वतः पुसला जायचा, आणि काम संपलं की शेलची ताजी प्रत पुन्हा येऊन बसायची. मग फोर्क आला. थॉम्पसन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७९ साली सिडनीच्या एका परिषदेसाठी या सगळ्या दिवसांची हकिगत लिहिली, तीत ते सांगतात, की पीडीपी-७ वर फोर्कसाठी असेंब्लीच्या बरोबर २७ ओळी लागल्या. २७ ओळींत पोर! आपल्याकडे बारशाच्या पत्रिकेचा मजकूर यापेक्षा मोठा असतो.

पोर तर झालं, पण ते संपलं हे बापाला कळणार कसं? या मंडळींनी काढलेली युक्ती मला फोर्कपेक्षा जास्त आवडते. शेल पोराला एक निरोप धाडायचा. पोर तो निरोप कधीच वाचणार नाही, हे गृहीत होतं. (पोरांविषयीचा हा अंदाज तेव्हाही अचूक होता.) निरोप घेतला जाईपर्यंत धाडणारा जागच्या जागी अडकून राही. पुढे पोर काम उरकून मरे, निरोप ‘या नावाचं कुणी इथे राहत नाही’ अशा अर्थाचा शेरा घेऊन परत येई, आणि बाप समजे, चला, काम झालं. परत आलेल्या पत्रावरून खुशाली कळण्याचं हे जगातलं एकमेव उदाहरण असावं.

यात एकच खोट होती. एखाद्या पोराने खरोखरच निरोप वाचायला घेतला तर? तर शेलने धाडलेला तो खोटा निरोप त्याच्या हाती पडायचा, शेल मोकळा व्हायचा आणि पोर मेलं असं धरून पुढच्या आज्ञेकडे वळायचा. बापाचा निरोप वाचणारं पोर जिवंत असूच शकत नाही, अशी बापाची पक्की खात्री! रिची यांना या निरोपांचा फारसा दुसरा मोठा उपयोग झालेला आठवत नव्हता, त्यामुळे ती यंत्रणा काढून टाकली गेली आणि तिच्या जागी सुटसुटीत ‘वेट’ आलं. नोव्हेंबर १९७१ मधल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये फोर्क, वेट आणि एक्झिट ही तिन्ही गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात.

त्याच हकिगतीत एक फजिती आहे. फोर्क आल्यावर ‘चेंज डिरेक्टरी’ची आज्ञा अचानक चालेनाशी झाली. काल चालत होती, आज नाही. सगळ्यांनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, डोकी खाजवली. शेवटी उजेड पडला. आज्ञा चालवायला आता पोर जात होतं. पोर इमानेइतबारे दुसऱ्या डिरेक्टरीत जायचं, तिथे पोचायचं आणि मरायचं. बाप होता तिथेच! पोराने कितीही लांबचा पल्ला मारला तरी बापाची खुर्ची हलत नाही, हे कळल्यावर ती आज्ञा शेलने स्वतःच पाळायचं ठरलं. आजही ‘सीडी’साठी शेल पोर काढत नाही, स्वतः उठून जातो.

तर पोर मरतं, आणि मरताना एक आकडा ठेवून जातं. हा त्याचा निकाल. ० म्हणजे उत्तम, बाकी काहीही म्हणजे नापास. भोपळा घेऊन जन्मायचं आणि भोपळा मिळवून मरायचं, यालाच इथे यशस्वी आयुष्य म्हणतात. कारण सरळ आहे. काम नीट होण्याचा प्रकार एक आणि बिघडण्याचे छप्पन्न, म्हणून बाकीचे आकडे नापासांसाठी राखीव. ते २५५ पर्यंतच जातात, कारण निकालाला आठ बिटांचीच जागा आहे. आता एखाद्या होतकरू प्रोग्रॅमरने झालेल्या चुका मोजून तोच आकडा निकाल म्हणून परत द्यायचं ठरवलं, आणि चुका बरोबर २५६ झाल्या, तर बापाच्या हाती येतं ०. पोर पहिल्या नंबराने पास. २५५ चुका करणाऱ्याने आणखी एक केली असती तर पेढे वाटता आले असते.

हा निकाल फक्त बापाला विचारता येतो. सख्ख्या भावाला नाही, चुलत्याला नाही, आजोबालाही नाही. ही अट मला जरा कडक वाटते. मराठी घरात निकालाच्या दिवशी पहिला फोन आजोबांचा असतो, आणि टक्के ऐकल्यावर “तुझ्या बापाला याहून कमी होते” ही बहुमोल माहितीही तेच देतात. युनिक्सचा आजोबा नातवासाठी ‘वेट’ म्हणाला तर कर्नल त्याला ओळख देत नाही. आणि मूलबाळच नसलेल्या प्रोसेसने ‘वेट’ म्हटलं तर तिला ताटकळत ठेवत नाहीत, ‘नो चाइल्ड प्रोसेसेस’ असं तोंडावर सांगून वाटेला लावतात. विंडोजची गोष्ट वेगळी. तिथे ज्याच्या हाती प्रोसेसचं हँडल आहे आणि परवानगी आहे, त्या कुणालाही थांबता येतं आणि निकालही पाहता येतो. थोडक्यात, विंडोजमध्ये शेजारच्या काकूंनाही टक्के कळतात.

खरी गंमत, खरं तर खरी अब्रूची गोष्ट, पुढे आहे. पोर मेलं, निकाल ठेवून गेलं, आणि बापाने विचारलंच नाही तर?

कर्नल निकाल फेकून देऊ शकत नाही, कारण बाप उद्या विचारील. तो पोराची मेमरी परत घेतो, फायली मिटतो, पण प्रोसेसच्या यादीतली त्याची ओळ पुसत नाही. तिथे नंबर राहतो, बापाचा नंबर राहतो, निकाल राहतो. अशा पोराला झोंबी म्हणतात. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये हे मुद्दाम करून दाखवावं लागतं. पोराला जन्मताच एक्झिट करायला लावायचं आणि बापाला ‘स्लीप ३०’ देऊन अर्धा मिनिट झोपवायचं. तेवढ्यात धावत दुसरी खिडकी उघडून ‘पीएस’ची आज्ञा द्यायची. यादीत पोराची ओळ दिसते. मेमरीच्या रकान्यांत शून्य, अवस्थेच्या रकान्यात ‘झेड’ आणि नावापुढे कंसात ‘डिफंक्ट’. अर्ध्या मिनिटात ‘पीएस’ टाइप करताना निम्म्या वर्गाचं स्पेलिंग चुकतं, तोवर बाप उठून संपतो, त्याच्यापाठोपाठ झोंबीही यादीतून जातो आणि मुलं बाईंना शपथेवर सांगतात, “मॅम, आत्ता होता.”

मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना या विषयातले दोनच प्रश्न ठाऊक असतात, आणि मुलांनाही तेच दोन.

“झोंबी म्हणजे?”

“सर, पोर मेलेलं, बाप जिवंत, पण बापाने वेट नाही केलं.”

“आणि ऑर्फन?”

“सर, बाप मेलेला, पोर जिवंत.”

“शाब्बास. मग झोंबीला घालवायचं कसं?”

“सर, किल मायनस नाइन.”

परीक्षक चष्मा काढतात. मेलेल्याला मारणार कसं, बाळ? ‘किल -९’ हे युनिक्समधलं शेवटचं हत्यार, भल्याभल्यांना लोळवतं, पण झोंबीवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही, कारण मारायला तिथे कुणी उरलेलंच नसतं. खात्रीचा उपाय एकच. बापाला मारायचं. हे उत्तर द्यायला बाविशीतला मुलगा घुटमळतो, आणि ते त्याच्या संस्कारांचं लक्षण आहे, अभ्यास न केल्याचं नव्हे.

मला हे फार न्याय्य वाटतं. झोंबी या नावावरून दोष पोराचा वाटतो. यादीत डाग लागतो तो पोराच्या ओळीला, सर्व्हर पाहणारे अ‍ॅडमिन बोट दाखवतात पोराकडे. पण त्या बिचाऱ्याने जन्माला येऊन नेमून दिलेलं काम केलं, निकाल ठेवला आणि तो गेला. हलगर्जीपणा सगळा बापाचा. एकदोन झोंबींनी यंत्राचं काही बिघडत नाही. पण एखादा सर्व्हर वर्षानुवर्षं दर ग्राहकामागे एक पोर काढत राहिला आणि विचारपूस कुणाचीच केली नाही, तर नंबर संपतात. लिनक्सवर नंबरांची जुनी मर्यादा ३२,७६८ आहे, ६४ बिटांच्या यंत्रांवर ती बरीच वाढवता येते. मर्यादा गाठली की नवं पोर काढू पाहणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल’. हे वाक्य ऐकलं की मला सरकारी खिडकीवरचं “जेवणाची सुटी आहे” आठवतं.

बापाला कळतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. पोर मेलं की कर्नल त्याला ‘सिगचाइल्ड’ नावाची हाक मारतो. फक्त या हाका साठत नाहीत. पाच पोरं एकदम गेली तरी कानावर एकच हाक पडू शकते, म्हणून शहाणा बाप हाक आली की एकावर न थांबता, “अजून कुणी? अजून कुणी?” असं उत्तर संपेपर्यंत विचारत राहतो. आणि बापाने हाकेकडे लक्षच दिलं नाही तर पोराचा झोंबी होतो. इथवर सरळ आहे. पण बापाने आधीच रीतसर कळवून ठेवलं, की बाबांनो, मला या हाका द्यायच्याच नाहीत, मी दुर्लक्ष करणार आहे, तर झोंबी होत नाही! कर्नल निकाल ठेवण्याच्या भानगडीतच पडत नाही, पोर गेलं की ओळ पुसून मोकळा. नुसतं दुर्लक्ष केलं तर गुन्हा आणि अर्ज देऊन दुर्लक्ष केलं तर सोय. इतकी अस्सल सरकारी तरतूद न्यू जर्सीच्या मातीत कशी उगवली, हे कोडं आहे.

आता ऑर्फन, म्हणजे पोरकं पोर. बाप आधी गेला तर पोर उघड्यावर पडत नाही. नंबर १ ची प्रोसेस, जुन्या भाषेत इनिट, त्याला पदरात घेते. हल्ली मधल्या एखाद्या प्रोसेसलाही ‘पोरकी माझ्याकडे पाठवा’ असं जाहीर करता येतं, पण मूळ आधार इनिटचाच. ती दिवसरात्र ‘वेट’ करत बसते. आपल्या पोरांसाठी, दुसऱ्यांनी टाकलेल्या पोरांसाठी. निकाल विचारते आणि त्यात काय आहे याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. बाप गेल्यावर झोंबी नाहीसा होतो तो तिच्याचमुळे. तीच त्याला दत्तक घेऊन त्याची ओळ पुसून देते. ही इनिट मेली तर मात्र कर्नल हाय खातो आणि यंत्र बंद पडतं. त्याला ‘पॅनिक’ असंच म्हणतात.

जिथे असा आधार असतो तिथे त्याचा गैरफायदा घेणारेही असतातच. पडद्यामागे कायम चालणाऱ्या डेमन प्रोसेसना ‘डबल फोर्क’ने जन्माला घालायची जुनी रीत आहे. बापाने पोर काढायचं, पोराने नातू काढायचा आणि पोराने तिथल्या तिथे मरायचं. बाप पोरासाठी वेट करून लगेच मोकळा होतो, नातू पोरका होऊन इनिटच्या पदरात. मधल्या पिढीच्या आयुष्याचं प्रयोजन एवढंच, की जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात पडावी.

मग कंटेनरचं युग आलं आणि एक नवीच पंचाईत झाली. डॉकर नावाच्या साधनाने बनवलेल्या प्रत्येक कंटेनरला आपापलं छोटं जग मिळतं, आणि त्या जगात पहिली सुरू होणारी प्रोसेस नंबर १. म्हणजे कालपर्यंत वेबपानं वाढणारा एखादा साधा प्रोग्रॅम सकाळी उठतो तो थेट अनाथाश्रमाचा चालक म्हणून. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. पोरकी पोरं त्याच्या दारात येतात, संपतात, निकाल हातात धरून ताटकळतात; हा आपला वेबपानं वाढतोय. यावर तोडगा म्हणून ‘टिनी’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम निघाला, आणि २०१७ पासून कंटेनर सुरू करताना डॉकरला ‘इनिट’चा पर्याय दिला की तोच नंबर १ च्या गादीवर बसतो. टिनीला दुसरा उद्योग नाही. एक पोर काढायचं, बाहेरून आलेल्या हाका त्याच्यापर्यंत पोचवायच्या, दारात येतील त्या पोरक्यांसाठी वेट करायचं, आणि आपलं पोर गेलं की त्याचा निकाल स्वतःचा म्हणून सांगून आपणही जायचं. पोराचे मार्क स्वतःचे म्हणून सांगायला मात्र टिनीला कुणी शिकवावं लागलं असेल, असं वाटत नाही.